भिंत सोडणारा उंदीर

सांगलीच्या वालचंदमध्ये किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत रोबोच्या स्पर्धा म्हटल्या की दोन जाती असतात. एकीत पोरांच्या हातात रिमोट असतो. दुसरीत यंत्र सोडून द्यायचं आणि हात बांधून बघत राहायचं. या दुसऱ्या जातीचा मूळपुरुष म्हणजे एक उंदीर.

अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत ‘थिसियस’ नावाचा यांत्रिक उंदीर चक्रव्यूहात सोडला. मेंदू मात्र त्याच्यात नव्हताच. फरशीखाली टेलिफोनच्या रिलेंची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांची, जुळणी होती आणि खालून चुंबक त्याला ओढायचं. पहिल्या खेपेला तो चाचपडायचा, दुसऱ्यांदा सरळ जायचा.

पुढे आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ‘स्पेक्ट्रम’ मासिकाने १९७७ मध्ये मायक्रोमाउस, म्हणजे चक्रव्यूहात आपली वाट आपणच शोधणाऱ्या छोट्या रोबोंची, स्पर्धा जाहीर केली. न्यूयॉर्कला १९७९ मध्ये अंतिम फेरी झाली आणि हुशार उंदीर हरले. जिंकला तो भिंत धरून सुसाट पळणारा, ज्याला नकाशा वगैरे काही ठाऊकच नव्हतं. वीज गेल्यावर वाड्यात आपण भिंत चाचपत दार गाठतो ना, तसंच.

इंग्लंडच्या जॉन बिलिंग्जली यांनी १९८०च्या लंडन स्पर्धेसाठी इलाज केला: मुक्काम बाहेरच्या कडेला नाही, चक्रव्यूहाच्या मधोमध. मधल्या भिंती बाहेरच्या भिंतीपासून सुट्या ठेवल्या, की भिंत धरणारा नुसता गोल फिरत राहतो. माझ्या मते या खेळाचा खरा जन्म इथे झाला. त्याच वर्षी जपानमध्येही स्पर्धा सुरू झाली. १६ गुणिले १६ चौकटी, प्रत्येक १८ सेंटिमीटरची, हे माप रूढ झालं.

वाट शोधायच्या पद्धतीला ‘फ्लड फिल’ म्हणतात. मुक्कामाच्या चौकटीत पाणी सोडल्याची कल्पना करायची; ते कुठल्या चौकटीत कितव्या टप्प्याला पोचेल तो आकडा तिथे मांडायचा आणि उंदराने लहान आकड्याकडे सरकायचं. २००५ आणि २०१९ ला कृष्णेचं पाणी कुठल्या गल्लीत आधी आणि कुठल्या नंतर शिरलं हे पाहिलेल्या सांगलीकराला याहून जास्त काय समजवायचं!

आमच्या वेळी एवढी मजल नव्हती. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी आणि तिच्यावरून जाणारा लाइन फॉलोअर, बस्स. रात्री खोलीत शहाण्यासारखा चालणारा आमचा रोबो सकाळी मंडपात वेड्यासारखा भरकटला. उन्हातल्या अवरक्त किरणांनी पट्टी ओळखणारे सेन्सर दिपले होते. दुसऱ्या फेरीआधी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा काळा रंगवून रोबोभोवती त्याचा घागरा लावला, तेव्हा कुठे गडी पट्टीवर आला.