नाथ पै : परदेशाला लागून असलेल्या मतदारसंघाचा खासदार

सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळावर उतरून 'हे नाथ पै कोण?' असं रिक्षावाल्याला विचारलं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : 'आमचे खासदार. भाषण काय करायचे!' उत्तर खरं आहे. पण वक्तृत्वाचं इतकं कौतुक झालं, की हा माणूस लोकसभेत नेमकं कशावर बोलायचा तेच मागे पडलं. कोकणातल्या रस्त्यांइतकाच त्यांचा जीव परराष्ट्र आणि संरक्षण या विषयांत होता. दिल्लीतल्या काहींना त्याचं नवल वाटलं असेल. वेंगुर्ल्यात जन्मलेल्याला कशाला वाटावं?

वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे. पडकी, झाडोऱ्यात गेलेली. १७व्या शतकात डच इथे बसून गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करत. म्हणजे युरोपातली भांडणं या किनाऱ्यावर तेव्हापासूनच येत होती. आणि १९५७ साली नाथ पै राजापूर मतदारसंघातून पहिल्यांदा निवडून आले, तेव्हाही पोर्तुगीज शेजारीच होते. तेरेखोलचा किल्ला बघा. नदी ओलांडायची गरजच नाही, किल्ला अलीकडच्या काठावर. रेडीहून चालत निघालेला माणूस परदेशाच्या वेशीवर जाऊन उभा राहायचा. आजूबाजूच्या कित्येक घराण्यांचं कुलदैवत मात्र गोव्यात. १९५५च्या सत्याग्रहात बांद्याजवळ पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. मग भारताने गोव्याची नाकेबंदी केली, ये-जा अडली. लेक पेडण्याला दिलेली आणि माहेर सावंतवाडीला, अशा घरांना परराष्ट्र धोरण कुणी समजावून सांगायला नको होतं.

हा शेजारी एकटा नव्हता, हीच खरी मेख. पोर्तुगाल १९४९पासून नाटो या लष्करी कराराचा संस्थापक सदस्य. कराराच्या मजकुरात गोवा बसत नव्हता, त्याची हद्द युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरती. पण कागदावरची हद्द वेगळी आणि मैत्रीतली भीड वेगळी. २ डिसेंबर १९५५ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबत काढलेल्या निवेदनात या वसाहतींचा उल्लेख 'प्रांत' असा झाला, आणि दिल्लीत संताप उसळला.

नाथ पैंना हा युरोप आतून माहीत होता. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग भोगून ते लंडनला बॅरिस्टर व्हायला गेले, तिथून समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पत्नी ऑस्ट्रियाची. नाटोतल्या देशांत त्यांचे समाजवादी मित्र होते, आणि घरच्या मतदारसंघाच्या कुंपणापलीकडे नाटोचाच एक सदस्य बंदूक घेऊन बसलेला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. सुरक्षेच्या कराराला वसाहतींचं ओझं वाहायला लावलं की काय होतं, ते त्यांच्याइतकं जवळून पाहणारे सभागृहात फार थोडे असतील.

१८ डिसेंबर १९६१ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. त्याच दिवशी सुरक्षा परिषद बसली. युद्धबंदी आणि माघारीचा ठराव मांडला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी. चौघेही नाटोतले! अकरापैकी सात मतं ठरावाच्या बाजूने पडली, सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला आणि विषय मिटला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. वर्ष उलटायच्या आत चीनचं आक्रमण आलं, आणि ज्या अमेरिकेने विरोधात मत दिलं होतं तिच्याकडेच शस्त्रं मागावी लागली.

पुढे १९६२ आणि १९६७लाही राजापूरने नाथ पैंनाच निवडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळवण्यासाठी त्यांनी आणलेलं खासगी विधेयक वकिलांना अजून आठवतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. १८ जानेवारी १९७१ला बेळगावात ते गेले, आदल्या दिवशीच हुतात्मा दिनाच्या सभेत बोलून. वय ४८. त्यांच्यानंतर मधू दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला मात्र १९९८ उजाडलं. नाथ पैंच्या काळात मुंबईहून वेंगुर्ल्याला यायचं तर बोट, आणि पावसाळ्यात तीही बंद.

तेरेखोलला आता गाडी थेट किल्ल्याच्या दारात जाते. सरहद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. ती आठवते ती गोव्याहून महामार्गाने परत येताना, इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची दारू शोधायला डिकी उघडायला लावतात तेव्हा.