रासायनिक समतोल : तापमान व दाब यांचा परिणाम

व्युत्क्रमी, म्हणजे दोन्ही दिशांनी चालणाऱ्या, विक्रियेत पुढच्या व मागच्या दिशांचे वेग सारखे झाले म्हणजे समतोल येतो. दोन्ही विक्रिया चालूच असतात, घटकांचे प्रमाण मात्र स्थिर राहते. तापमान वाढवल्यास समतोल उष्णता शोषणाऱ्या दिशेकडे सरकतो. वायूंच्या विक्रियेत दाब वाढवल्यास ज्या बाजूला रेणू कमी, त्या बाजूला.

हा नियम फ्रेंच रसायनज्ञ आंरी ल शातल्ये यांच्या नावाने ओळखला जातो. श्रेयाबाबत मात्र एकमत नाही. तापमानाचा भाग डच रसायनज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८८४ मध्ये मांडला. त्याच वर्षी ल शातल्ये यांनी त्याच्याच आधारे नियम दाबापर्यंत नेला आणि १८८८ मध्ये त्याला सुटसुटीत रूप दिले. दरम्यान, १८८७ च्या सुमारास, जर्मन भौतिकीविज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनीही तसाच निष्कर्ष काढला. म्हणून काही ग्रंथांत ‘ल शातल्ये–ब्राउन’ असे जोडनाव आढळते. ‘समतोल बदलाला विरोध करतो’ ही या नियमाची मांडणी मोघम असल्याची टीका भौतिकीविज्ञ पाउल एरेनफेस्ट यांनी १९११ मध्ये केली, ती ग्राह्य वाटते. उदाहरणार्थ, ठरावीक घनफळाच्या बंद पात्रात विक्रियेत भाग न घेणारा आर्गॉन सोडला तर एकूण दाब वाढतो, पण समतोल जागचा हलत नाही; विक्रियेतील वायूंचे आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील प्रत्येकाचा वाटा, तेच राहतात. आदर्श वायूंत दाबाने घटकांचे प्रमाण बदलते, समतोल स्थिरांक (समतोलातील उत्पादिते व अभिकारके यांचे ठरावीक गुणोत्तर) बदलतो तो तापमानानेच. हा भेद, स्थिरांक व तापमान यांचा संबंध सांगणाऱ्या व्हान्ट हॉफ यांच्या समीकरणात स्वच्छ दिसतो.

अमोनियाच्या संश्लेषणात नायट्रोजन व हायड्रोजन वायूंचे चार रेणू जाऊन दोन उरतात व उष्णता बाहेर पडते. ३०० वातावरण दाबाला समतोलातील अमोनिया ४००° से.ला सुमारे ४७ टक्के, तर ५००° से.ला सुमारे २६ टक्के असतो. तरीही थंड तापमानाला वेग फार मंदावतो, म्हणून कारखान्यात लोहाचे उत्प्रेरक वापरून ४००°–५००° से. तापमान ठेवतात. उत्प्रेरकाने समतोल लवकर येतो, सरकत नाही.

या अमोनियापासून झालेला यूरिया जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात ठिबकातून केळीला दिला जातो, आणि त्याच नळीत दुसरा समतोल पाहायला मिळतो. खोल ट्यूबवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी वर आले की दाब उतरतो व कार्बन डायऑक्साइड निसटतो. मे महिन्याच्या उन्हात काळी नळी तापते, तसा तो आणखी सुटतो. समतोल न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटकडे सरकून ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर धरतो. शेतकरी म्हणतो, ‘ड्रिपर चोक झाले’. त्या थरावर आम्लाचा थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात. नळ्या साफ करताना पाण्याचा सामू (pH) ४च्या आसपास येईल इतके आम्ल सोडतात, पाणी काही तास नळीतच थांबवतात आणि मग टोके उघडून सैल झालेला चुना वाहू देतात.