राजवाडा: तीनदा आग पाहिलेलं होळकरांचं घर

भारताने क्रिकेटचा मोठा सामना जिंकला की इंदूर राजवाड्यासमोर लोटतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, तीही तिथूनच जाते. मागे उभा असतो तो सात मजली दर्शनी भाग: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. बघणाऱ्याला वाटतं, होळकर पिढ्यान् पिढ्या इथेच नांदले असतील. तसं झालं नाही.

होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे, धनगर. मल्हारराव लहानपणी खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळांकडे वाढले, पहिल्या बाजीरावांच्या फौजेत पुढे आले आणि माळव्याचे सुभेदार झाले. राजवाड्याचं काम त्यांनी १७४७ मध्ये काढलं. पण घराण्यातलं सर्वांत मोठं नाव, अहिल्याबाई, यांनी कारभार केला तो महेश्वरला, नर्मदेकाठच्या साध्या वाड्यातून. आज राजवाड्याच्या दारात पुतळा मात्र त्यांचाच!

पहिली आग भाऊबंदकीची म्हणावी लागेल. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी ऑक्टोबरात इंदूर लुटून त्याचं उट्टं काढलं, वाड्यालाही आग लावली. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, हडपसरच्या लढाईत यशवंतराव पेशवे-शिंद्यांच्या फौजेवर जिंकले. पेशवे दुसरे बाजीराव पुण्यातून पळाले, ते वसईला इंग्रजांशी तह करून बसले. एका घराच्या राखेचे चटके पार पेशवाईला बसले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

इंदूर राजधानी झालं तेही पराभवानंतरच. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले, जानेवारीत मंदसोरचा तह झाला. यशवंतरावांचे पुत्र दुसरे मल्हारराव तेव्हा गादीवर होते, पण अजाण होते. दिवाण तात्या जोगांनी घडी बसवली, वाडाही पुन्हा उभा राहिला. १८३४ ला आगीत वरचा मजला गेला. पुढे घराण्याचं राहणं लालबाग आणि माणिकबाग या राजवाड्यांकडे सरकलं, जुना वाडा सण-समारंभापुरता उरला.

तिसरी आग १९८४ ची, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीतली. दर्शनी भाग तगला. मागचा भाग आणि आतलं मल्हारी मार्तंडाचं देवघर जळालं. जेजुरीचा खंडोबा होळकरांचं कुलदैवत, म्हणून हे देवघर घरच्यांना दरबारापेक्षा जवळचं. वंशज उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने २००७ च्या सुमारास ते पुन्हा बांधून झालं.