विश्वासातली वाढ आणि विश्वासातली पक्वता

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगायला, कुणी उभं राहिलं की एक वाक्य हमखास येतं, "प्रभूने मला विश्वासात खूप वाढवलं." मग यादी येते. उपास-प्रार्थना सुरू झाली, कमाईचा दशांश चर्चला नियमित जायला लागला, स्तोत्रं पाठ झाली, बुधवारची घरसभा आता आमच्याकडेच असते. त्यात खोटं काही नसतं. पण वाढणं वेगळं आणि पिकणं वेगळं, हे निदान नाशिकच्या माणसाला सांगायला लागू नये.

दिंडोरीकडे माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी झाली की नव्या फुटी निघतात आणि शेंडा नुसता पळत सुटतो. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, काय बाग आलीय! मामांच्या कपाळाला आठी पडते ती नेमकी तेव्हाच. नत्र किंवा पाणी जास्त झालं की काडी लांबत राहते आणि तिच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, जो घड धरायचा तो धरत नाही. म्हणून शेंडा खुडायचा, पाणी तोडायचं, पालाश द्यायचं. मग काडी बुडाकडून तपकिरी व्हायला लागते, सावकाश वर वर.

एकदा ऑगस्टमध्ये मी शहाणपणाने म्हणालो, "मामा, ही तर तयार झाली की." त्यांनी कात्रीने काडी आडवी कापली आणि तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. साल छान तपकिरी होती, पण आतला गाभा अजून हिरवट पांढरा. "वरून रंग आलाय रे. आत बघ." अशी काडी ऑक्टोबर छाटणीनंतर दगा देते. पानं झकास येतात, घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता वेलाचा ताणा, निघते.

बायबलमध्ये या काडीचं जुळं शोधायचं तर ग्रीसमधल्या करिंथची मंडळी. प्रेषित पौल तिथे दीड वर्ष राहून शिकवून गेला होता. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच तो कबूल करतो की बोलण्यात, ज्ञानात, कुठल्याच कृपादानात तुम्ही कमी नाही. आणि तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना ख्रिस्तातली तान्ही बाळं म्हणतो, अजून दुधावरची. कारण काय, तर हेवा आणि भांडणं. मी याचा, तू त्याचा, असे गट. अकराव्या अध्यायात तर प्रभूभोजनाला, येशूच्या आठवणीतल्या जेवणाला, जमल्यावर एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. वाढ भरपूर होती, शेंडा आभाळाला लागला होता.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात दुधाचाच दाखला पुन्हा येतो, तिथे प्रश्न वर्षांचा आहे. एव्हाना तुम्ही शिकवणारे व्हायला हवे होतात, असं लेखक म्हणतो. म्हणजे बाप्तिस्म्याला चाळीस वर्षं झाली, आजोबांपासून शरणपूर या नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले, पुढच्या बाकावर ठरलेली जागा, यानेही माणूस प्रौढ ठरत नाही. प्रौढ कोण, तर ज्याची बरं-वाईट ओळखण्याची नजर वापरून वापरून सरावलेली आहे. यातला 'वापरून' हा शब्द आपण फार घाईने ओलांडतो. ही नजर शिबिरातून घरी आणता येत नाही. भाऊबंदकीत, उधारीत, सासरच्या टोमण्यात ती रोज वापरावी लागते.

वाढ मोजता येते, म्हणून आपल्याला ती आवडते. वर्षात बायबल किती वेळा वाचून झालं, हे मी बोटावर सांगू शकतो. गलतीकरांस पत्रातली सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन कशावर मोजणार? ती ज्याची त्याला दिसतही नाहीत, शेजारच्याला दिसतात. मी स्वतः सकाळी तासभर वचन वाचून निघतो आणि द्वारका चौकात रिक्षा आडवी आली की काच खाली करून जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काचेवर क्रूसाचं स्टिकर आहे. एकदा त्या रिक्षावाल्याने नुसतं बोट करून स्टिकर दाखवलं.

म्हणून वाचन-प्रार्थना सोडायची का? मुळीच नाही. पानाशिवाय काडी कशावर पिकणार? वाढीला नावं ठेवून आळसाला पक्वता म्हणणारेही मंडळीत असतात, आणि ते जास्त अवघड.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात एक गोष्ट मला उशिरा कळली. तिथे बाप, म्हणजे देव, साफसूफ करतो तो फळ देणाऱ्या फाट्याला. येशूच्या मुलखात वेल थंडीत झोपतो, मुख्य छाटणी एकदाच. आपल्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून नाशिककडे कात्री वर्षातून दोनदा लागते. नोकरी गेली, आजारपण आलं, मंडळीतलं पद गेलं, की आपण म्हणतो विश्वासात मागे पडलो. शेंडा खुडलेला दिसतो ना!

आणि कधी कधी उलटंही होतं, वरून काहीच हलत नाही आणि आत काम चालू असतं. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. त्या पाच वर्षांत बाहेरून मोजायला बसलं असतं तर वाढ शून्य. पण जन्मापासूनचं सोवळं-ओवळं त्या काळात आतून सुटत गेलं. आजच्या एखाद्या उत्साही सेवकाने त्यांना दुसऱ्याच रविवारी विचारलं असतं, "सिस्टर, निर्णय कधी?"

स्वतःची काडी स्वतः कापून बघता येत नाही, म्हणून मागच्या नाताळात मी बायकोला विचारलं, "माझ्यात काही फरक पडलाय का गं?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "द्वारकेला हल्ली गप्प असता. पण घरी आलात की तेच सगळं आमच्यावर काढता."