विमानाने जाताना सूट कसा न्यावा: आमच्या शिलाई ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

सोलापुरातल्या होटगी रस्त्याच्या आपल्या विमानतळावरून 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. तेव्हापासून सूट न्यायला आलेलं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं: "बॅगेत घातला तर चुरगळणार नाही ना?" हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठून लोहगाव विमानतळावरून पुढे जाणारे तर आधीपासूनच विचारायचे. लग्नसराईच्या गर्दीत उभ्याउभ्या सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून हे पत्रक सूटसोबत देत आहोत. कव्हरमध्येच राहू द्या आणि बॅग भरायला घ्याल तेव्हा काढून वाचा.

चुण्या कशाने पडतात

नुसत्या घडीने सूट खराब होत नाही. घडीवर वजन पडलं, कापड उबदार असलं आणि त्यात ओलावा असला, की वाकलेली जागा तशीच बसते. इस्त्री तरी दुसरं काय करते? वाफ, उष्णता आणि दाब. आपल्याला हव्या त्या जागी झालं की त्याला आपण क्रीज म्हणतो, नको तिथे झालं की चुणी.

लोकरीचं कापड हवेतला ओलावा ओढून घेतं. स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओलावा घेतला तरी हाताला ते ओलं लागत नाही. म्हणून इस्त्रीवरून उतरलेला सूट गरम असतानाच बॅगेत कोंबू नका. निघायच्या घाईत बहुतेक जण नेमकं हेच करतात आणि मग बॅगेला दोष देतात. आदल्या दिवशी दुपारी इस्त्री, रात्रभर रुंद हँगरवर, सकाळी घडी, असा क्रम ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन चाळिशी ओलांडतं. तेव्हा भरलेली बॅग गाडीच्या डिकीत तासन् तास राहिली, तर चुण्या तिथेच पक्क्या होतात. पुण्यापर्यंत गाडीने जाणार असाल तर सूट आत, मागच्या सीटवर आडवा ठेवा.

कापडाप्रमाणे फरक पडतोच. टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेली लोकर, प्रवासाला सगळ्यात सोशिक. शुद्ध लोकरीला चुण्या पडतात, पण टांगून ठेवली की बऱ्याचशा आपोआप जातात. लिननचं सांगायलाच नको, ते बसल्या जागी चुरगळतं. लिननचा सूट नेणार असाल तर तिकडे पोचल्यावर इस्त्री करावी लागणार हे धरूनच चाला. कापडाच्या काठावर 'सुपर 100', 'सुपर 150' असे आकडे असतात ते लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचे: सुपर 100 चा तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन जाडीचा, सुपर 150 चा 16.25 मायक्रॉनचा. आकडा वाढला की कापड मऊ आणि महाग होतं, पण प्रवासात तेच आधी चुरगळतं. सतत फिरतीवर असणाऱ्यांना आम्ही महागडं कापड दाखवत नाही ते यासाठी.

कोटाची घडी

ही एकदा घरी आरशासमोर करून बघा. वाचायला लांब वाटली तरी हाताला लगेच बसते.

आधी सगळे खिसे रिकामे करा, आतलेसुद्धा. नव्या कोटाच्या खिशांची तोंडं कच्च्या टाक्याने बंद असतात. प्रवास होईपर्यंत ती उसवू नका, खिसा फाकत नाही. मागच्या कापावरचा फुलीचा टाका मात्र घालण्याआधी काढायचाच असतो. तो तसाच ठेवून मांडवात फिरणारे नवरदेव आम्ही पाहिलेत.

बटणं उघडी ठेवा. कोटाचं अस्तर तुमच्याकडे येईल असा धरा आणि दोन्ही हात आतून खांद्यांच्या टोकांत घाला. डावा खांदा उलटा करा, म्हणजे त्याचं अस्तर बाहेर येईल. उजवा खांदा सुलटाच ठेवून त्या उलट्या खांद्याच्या पोटात बसवा. दोन्ही पॅड एकात एक नीट बसले की हाताला कळतं. आता कोट उभ्या घडीत निम्म्या रुंदीचा झालेला असेल, बाहेरून सगळीकडे अस्तर आणि बाह्या आत सरळ एकावर एक. कॉलर कॉलरला लागली आहे ना, लेपल, म्हणजे छातीवर उलटलेली पट्टी, दुमडलेलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. या घडीत पाठीची मधली शिवण कडेला येते. तिथे मुळातच शिवण असल्याने नवी रेघ उमटत नाही, आणि बॅगेत जे घासायचं ते अस्तराला घासतं.

खांद्यांच्या पोकळीत एकेक मोज्यांची जोडी घाला, म्हणजे पॅड चेपणार नाहीत. मग ड्रायक्लीनवाला देतो तसं पातळ प्लास्टिकचं कव्हर कोटावर चढवा. कापडाला कापड चिकटून ओढलं गेलं की चुणी धरते. मध्ये प्लास्टिक असलं की कापड घसरतं. मुक्कामी पोचलात की प्लास्टिक काढून टाका, आत ओलावा कोंडतो.

राहिली आडवी घडी. ही कमरेच्या जरा वर येते आणि खरी चुणी पडते ती इथेच. घडीच्या पोटात गुंडाळी ठेवा, म्हणजे कापड कडक मोडणार नाही, गोल वळेल. गुंडाळीला घरचा सोलापुरी टॉवेल उत्तम, नाहीतर दोन बनियन. चादर नको, तिच्या वजनातच तुमचे किलो संपतील.

कोट गुंडाळून नेण्याचे व्हिडिओ फिरतात. आमच्या मते टी-शर्टला ते ठीक. कोटात बकरम (आकार धरणारं आतलं कडक कापड) आणि पॅड असतात, त्यांचा आकार गुंडाळीत बिघडतो. हवा काढून घट्ट करायच्या पिशव्याही सूटला वापरू नका. जागा वाचते, पण सगळं वजन घडीवर येतं.

पँट, बंदगळा आणि बॅग

पँट क्रीजवर जुळवून कमरेचा भाग बॅगेच्या तळाशी ठेवा आणि पाय बॅगेच्या काठावरून बाहेर सोडा. वर शर्ट, त्यावर कोट, आणि शेवटी पँटचे पाय आत घेऊन त्यावर पांघरा. गुडघ्यावर मोड येत नाही.

जोधपुरी किंवा बंदगळा असेल तर उभी कॉलर चेपू देऊ नका. पट्टा गोल करून कॉलरच्या आत उभा ठेवा.

बूट पिशवीत घालून चाकांच्या बाजूला ठेवा, कारण बॅग उभी केली की जड वस्तू तिकडेच सरकतात. बॅग खच्चून भरू नका आणि अर्धी रिकामीही ठेवू नका. रिकाम्या बॅगेत सूट दिवसभर इकडून तिकडे आपटत राहतो.

आता सोलापूरकरांसाठी खास. तुमच्या बॅगेत शेंगा चटणी असणार, हे आम्हाला माहीत आहे. ती सूटच्या बॅगेत नको म्हणजे नकोच. चटणीचं तेल दोन पिशव्यांतूनही झिरपतं. अस्तरावर डाग पडला तर एक वेळ झाकून जातो, पण लोकरीवर पडला की ड्रायक्लीनशिवाय निघत नाही. पाणी लावून चोळलंत तर डाग पसरतो आणि तेवढी जागा वेगळी दिसायला लागते. चटणी आणि कडक भाकरी दुसऱ्या बॅगेत, डब्यात.

विमानतळावर

सूट शक्यतो हातातल्या बॅगेत न्या. काउंटरवर जमा केलेल्या बॅगांवर दुसऱ्यांच्या बॅगा पडतात, आणि बॅग मागे राहिली तर लग्न सूटशिवाय लागतं. देशांतर्गत विमानात साधारण 7 किलोची एकच हँडबॅग चालते. लांब सूट कव्हर वेगळं नेलं तर तीच तुमची हँडबॅग धरली जाऊ शकते, म्हणून तिकीट काढताना कंपनीला विचारून घ्या. गोव्याचं विमान एटीआर 72 आहे, पंख्याचं. त्यातले वरचे कप्पे लहान असतात.

कोट अंगावर घालून जाणं हा सगळ्यात सोपा उपाय आणि वजनातही धरत नाहीत. फक्त तपासणीला तो काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, तेव्हा किल्ल्या आणि सुटे पैसे आधीच काढा. आत बसलात की अंगातून काढा, वर सांगितलेली उभी घडी घाला आणि सगळ्यांच्या बॅगा वर चढल्यावर त्यांच्यावर अलगद ठेवा. आधी ठेवलात तर कुणीतरी त्यावर ट्रॉली ढकलणारच. मुंबईच्या विमानात तास-सव्वा तास कोट घालून टेकून बसलं तर पाठीला आणि कोपरांना आडव्या चुण्या पडतात, त्या बॅगेतल्यापेक्षा वाईट.

पोचल्यावर

चहा नंतर, आधी सूट बाहेर काढा आणि रुंद हँगरवर टांगा. लॉजवरचे तारेचे हँगर खांद्याला टोक काढतात; दुसरं नसेल तर तारेवर टॉवेल गुंडाळा. हलक्या चुण्या रात्रभरात उतरतात.

उतरल्या नाहीत तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावा आणि सूट शिंतोडे उडणार नाहीत असा लांब टांगा. शॉवर नसेल तर गीझरच्या कडकडीत पाण्याची बादलीही चालते. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मग हाताने वरून खाली हलकेच सरळ करा आणि पूर्ण सुकेपर्यंत, निदान अर्धा तास, घालू नका. ओलसर सूट घालून गाडीत बसलात तर आधी होत्या त्याहून जास्त चुण्या घेऊन उतराल. लोकरीला आणि टेरीवूलला हे लागू पडतं, लिननला नाही.

इस्त्री करायचीच झाली तर ओला रुमाल घट्ट पिळून मध्ये ठेवा. इस्त्री लोकरीच्या खुणेवर, आणि घासायची नाही, ठेवायची, उचलायची. थेट लावली तर कापडाला चकाकी येते, ती सहजासहजी जात नाही. ज्या कोटात फ्यूजिंग, म्हणजे आतून उष्णतेने चिकटवलेलं कापड, आहे त्याच्या छातीवर फार गरम इस्त्री लागली तर आतलं चिकटवण सुटून फुगे येतात. तुमच्या कोटात काय आहे ते बिलावर लिहिलेलं आहे.

निघायच्या दोन दिवस आधी सूट दुकानात आणलात तर वाफेची इस्त्री करून देऊ आणि घडी तुमच्याकडूनच एकदा घालून घेऊ. आमच्याकडे शिवलेल्या सूटला याचे पैसे घेत नाही. लग्नाच्या तिथी दाट असतील तेव्हा मात्र फोन करून या.