निवेदकाने किती अभिनय करावा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑडिओबुक सुरू करून दहाव्या मिनिटाला बंद केलं, तर त्याचा दोष बहुतेक वेळा लेखकाच्या माथी जात नाही. आवाज पटलेला नसतो. कुणाला निवेदक फार नाटकी वाटतो, तर कुणाला तो बातम्या वाचल्यासारखा वाचतोय असं वाटतं. ही तक्रार मोबाइलच्या काळातली नाही. ती सुमारे नव्वद वर्षांपूर्वीची आहे आणि अंध श्रोत्यांनी ती आपल्या सगळ्यांच्या आधी केलेली आहे.

एडिसनने १८७७ मध्ये आवाज टिपून पुन्हा ऐकवणारा फोनोग्राफ तयार केला. दुसऱ्याच वर्षी त्याने या यंत्राच्या उपयोगांची यादी छापली आणि अंधांसाठी बोलणारी पुस्तकं त्या यादीत होती. पण तेव्हाच्या नळकांड्यावर जेमतेम काही मिनिटं मावायची, तिथे कादंबरीचं काय घेऊन बसलात! खरी सुरुवात व्हायला १९३०चं दशक उजाडलं. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अनेक सैनिकांना मोठ्या वयात बोटांनी ब्रेल वाचणं जमत नव्हतं. त्यांची गरज हे या प्रयत्नांमागचं एक मोठं कारण होतं. अमेरिकेत १९३४ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत ‘टॉकिंग बुक’च्या तबकड्या अंध वाचकांपर्यंत जाऊ लागल्या. एका बाजूला साधारण पंधरा मिनिटांचं वाचन असे. ही पुस्तकं फक्त अंधांसाठीच राहतील या अटीवर प्रकाशक राजी झाले होते.

ब्रिटनने १९३५ मध्ये तबकडी आणखी सावकाश, मिनिटाला २४ फेऱ्यांनी फिरवली आणि एका बाजूवर पंचवीस मिनिटं बसवली. तिथल्या अगदी पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही रहस्यकादंबरी होती. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना यातली गंमत कळेल. या गोष्टीत सांगणाऱ्याच्या आवाजात एक छटा जरी जास्त आली, तरी खेळ खलास. निवेदकाने किती अभिनय करावा, या प्रश्नाची इतकी कडक परीक्षा पहिल्याच वर्षी व्हावी हा योगायोगच.

वादाचं मूळ समजायला सोपं आहे. ब्रेल वाचणाऱ्याच्या मनात पात्रांचे आवाज त्याचे स्वतःचे असतात. तबकडीवर मात्र तिसराच माणूस मध्ये येतो. तो रडवेला झाला की श्रोत्यालाही तिथे रडवेलं होणं भाग पडतं. त्यामुळे अनेक अंध श्रोत्यांना साधं, स्वच्छ वाचन हवं होतं. पुस्तकाचा अर्थ आमचा आम्ही लावू, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांना सपाट आवाजाने झोप येई. या दोन टोकांच्या मधली वाट ज्यांनी रुळवली, त्यांत अलेक्झांडर स्कोर्बी हा अमेरिकी नट ठळक आहे. त्याने १९३७ पासून अंधांसाठी चारशेहून अधिक पुस्तकं वाचली. त्याचा आवाज भरदार होता, पण पात्र बदललं की तो वेषांतर करत नसे, सूर किंचित हलवत असे. मला स्वतःला आजही हीच रीत सर्वांत टिकाऊ वाटते.

डोळस ग्राहकांसाठीचा बाजार वेगळ्या दारातून आला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन तरुणींनी कॅडमन ही कंपनी काढून डिलन टॉमस या कवीकडून त्याचंच लेखन वाचून घेतलं. लोकांनी विकत घेतला तो कवीचा आवाज. पुढे १९७५ मध्ये डुव्हॉल हेक्ट या ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या नौकापटूने रोजच्या लांबलचक मोटारप्रवासाला कंटाळून ‘बुक्स ऑन टेप’ सुरू केलं. न कापलेली, अख्खी पुस्तकं टपालाने भाड्याने मिळू लागली. त्याच सुमारास दुसरीकडे नामवंत नटांनी वाचलेल्या, दोन-तीन तासांत उरकणाऱ्या संक्षिप्त कॅसेटही निघत होत्या. अभिनय किती पेलतो हे बरंचसं लांबीवर ठरतं. दोन तासांच्या कॅसेटमध्ये रंगतदार वाटणारी आदळआपट वीस तासांच्या कादंबरीत डोकं उठवते. अपवाद आहेतच. हॅरी पॉटरच्या पाचव्या भागाच्या अमेरिकी आवृत्तीत जिम डेलने १३४ पात्रांना वेगवेगळे आवाज देऊन गिनेस विक्रम केला. ब्रिटिश आवृत्तीत तीच पुस्तकं स्टीफन फ्रायने वाचली. मजकूर जवळपास तोच, तरी दोघांचे चाहते आजतागायत हमरीतुमरीवर येतात.

मराठी कान मात्र कीर्तन, पोथीवाचन, आकाशवाणी आणि कथाकथन यांवर तयार झालेला. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरले, तेव्हा लेखक, निवेदक आणि नट ही एकच व्यक्ती असे. समोर हशा पिकला की ते थांबत. पुढचं वाक्य कधी टाकायचं हे प्रेक्षक ठरवत. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं आणि त्यात सुरुवातीपासून मराठी होती. रंगभूमीवरच्या कलाकारांना त्यामुळे नवं काम मिळालं आणि तिथली सवयही सोबत आली. नाट्यगृहात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. इअरफोनमध्ये मुळात रांगच नसते. तिथे जोरकस उच्छ्वासही कानाला टोचतो.

बोलीचा पेच याहून अवघड. छापील कादंबरीतले मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद वाचक मनातल्या मनात कसेबसे निभावून नेतो. निवेदकाला ती पळवाट नाही, त्याला हेल काढावाच लागतो. तो चुकला की त्या भागातला श्रोता दुसऱ्या वाक्यालाच ओळखतो. इथे मोठ्या नावापेक्षा त्या मातीतला अनोळखी आवाज निवडावा, असं माझं मत. निर्मात्यांना हे पटवणं कठीण जातं, कारण मुखपृष्ठावर ओळखीचं नाव असलं की पुस्तक उघडलं जातं.