नियोजन सीटी (डोके व मानेचा कर्करोग)

डोके व मानेच्या कर्करोगात किरणोपचाराचा आराखडा आखण्यासाठी रुग्णाला डोके स्थिर धरणारा मास्क लावून, सपाट फळीवर, पुढे उपचार होतील त्याच स्थितीत निजवून घेतलेला सीटी स्कॅन. त्यातील प्रत्येक बिंदूचा अंक (तेथे क्ष-किरण किती क्षीण होतात याचे माप) किरणांच्या मात्रेच्या गणितात उतरतो. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ‘अॅक्ट्रेक’ संस्थेत २०२३ मध्ये प्रोटॉन उपचार (क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा झोत वापरणारे किरणोपचार) सुरू झाले आणि या अंकांच्या अचूकतेला वेगळेच महत्त्व आले.

उगम : सीटीच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. पहिला रुग्ण १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात तपासला गेला. ते यंत्र ईएमआय कंपनीतील गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचे, म्हणून तंत्राचे मूळ रोगनिदानात मानण्याचा प्रघात आहे. तथापि अॅलन कॉरमॅक यांनी १९५६ च्या सुमारास केपटाउनच्या रुग्णालयात शरीराची आतली रचना क्ष-किरणांच्या मोजमापांवरून कशी काढावी हा प्रश्न किरणोपचाराच्या अंगाने हाती घेतला होता. त्या काळी मात्रेचे नकाशे शरीर एकजिनसी धरून काढीत. हाड, हवा व स्नायू यांतला फरक हिशेबात येत नसे. त्यांच्या १९६३ व १९६४ मधील लेखांकडे फारसे कोणी पाहिले नाही. गणिती बीज योहान राडोन यांच्या १९१७ च्या निबंधात सापडते, पण कॉरमॅक यांना तो तेव्हा ठाऊक नव्हता. १९७९ चे नोबेल हाउन्सफिल्ड व कॉरमॅक यांना विभागून मिळाले. नियोजनापुरते पाहता कॉरमॅक यांची परंपराच अधिक जवळची ठरते.

अंक व धातू : हाउन्सफिल्ड मापात पाणी ० व हवा −१०००. या अंकांवरून फोटॉनसाठी (म्हणजे नेहमीच्या क्ष-किरण उपचारासाठी) इलेक्ट्रॉन घनता, तर प्रोटॉनसाठी ऊतींची रोधनक्षमता, म्हणजे कणांचा वेग रोखण्याची क्षमता, काढतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबत असल्याने अंक चुकला की थांबण्याची जागाही सरकते. त्यासाठी या खोलीत साधारण ३.५ टक्के अनिश्चितता धरण्याची रीत आहे. तोंडाच्या कर्करोगात खरी अडचण दातांची. चांदीचे भरण, धातूच्या टोप्या, शस्त्रक्रियेनंतर जबड्यात बसवलेल्या पट्ट्या यांमुळे प्रतिमेत काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि अनेकदा नेमकी गाठीचीच कड झाकली जाते. तंबाखू व मिश्री यांचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या भागात हा प्रश्न किरकोळ नाही.

द्विऊर्जा सीटी : एकाच भागाची साधारण ८० व १४० किलोव्होल्टवर प्रतिमा घेतली की इलेक्ट्रॉन घनता व परिणामी अणुक्रमांक (ऊतीतील विविध मूलद्रव्यांचा मिळून धरलेला अणुक्रमांक) वेगळे काढता येतात. प्रोटॉनची अनिश्चितता त्यामुळे घटते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कमी ऊर्जेच्या आभासी (संगणकाने तयार केलेल्या) प्रतिमांत शिरेतून दिलेल्या रंजकद्रव्यातील आयोडिन उठून दिसते व गाठीची कड स्पष्ट होते; जास्त ऊर्जेच्या प्रतिमांत धातूचे पट्टे फिकटतात. पट्टे पुरते जातात हा दावा मात्र जपूनच घ्यावा. दाट धातूमागे किरणच पोहोचत नसतील तर तेथे माहितीच उरत नाही, म्हणून धातूदोष कमी करणारी संगणकीय पद्धत जोडीला वापरणे अधिक सयुक्तिक.

पुनर्स्कॅन : सहा-सात आठवड्यांच्या उपचारात वजन उतरते, लाळग्रंथी आक्रसतात, मास्क सैल होतो. अशा वेळी नवा स्कॅन घेऊन आराखडा बदलतात. प्रोटॉनमध्ये ही गरज अधिक भासते.